बाजारचे स्कोन

अँकरिग गावच्या हॉलमध्ये दर सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी घरगुती पदार्थांचं प्रदर्शन भरायचं, आणि स्कोनची, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या गोल पावांची, परीक्षक म्हणून विल्मा टर्नबुल तिथे चौदा वर्षं उभी राहिली. त्याआधीची सव्वीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. गावातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी तिच्या हातचं खाल्लं होतं, आणि तिची बोलणीही. बाई तोंडाने तिखट, पण मैद्यात लोणी चोळायला लागली की पाहणाऱ्याने पाहत राहावं. बोटांची टोकं तेवढी हलायची. "स्कोनला गार हात लागतात," ती म्हणायची. "माझे तर लग्नातही गार होते. वॉटला विचारा."

परीक्षण करताना ती प्रत्येक ताटलीपुढे एक चिठ्ठी ठेवायची. 'कटर पिळलाय, म्हणून कलले.' 'सोडा जास्त, अजून जीभ चरचरतेय.' 'पीठ चोळलंय की धुतलंय?' बरेच लोक प्रदर्शनाला या चिठ्ठ्या वाचायलाच यायचे. हे तिला माहीत होतं, आणि आवडतही होतं. परीक्षकाला स्पर्धेत उतरता येत नसे, पण चहाच्या टेबलावर मधोमध तिच्या स्कोनची परात असायची. ती संपेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या ताटलीला कुणी हात लावत नसे.

चौदाव्या वर्षी महिला मंडळाने शरदातल्या चवींचे स्कोन मागवले होते. अकरा ताटल्या आल्या. कुणी सफरचंद घातलेलं, कुणी दालचिनी, एकीने भोपळा. नावं झाकलेली, फक्त आकडे. मंडळाची चिटणीस नेटा स्कूलर वही घेऊन मागोमाग चालत होती.

सातव्या ताटलीत सहा स्कोन होते. सहाही एका उंचीचे, एका रंगाचे, जणू एकाच साच्यातून काढलेले. विल्माने त्यातला एक हातानेच उकलला. मधोमध अलगद दोन भाग झाले. आत सफरचंदाच्या फोडी होत्या, आधी लोण्यात परतलेल्या. जायफळ नखभर. कुंपणावरच्या काटेरी ब्रॅम्बलची काळी फळं अख्खी घातलेली, त्यांच्या बिया दाताखाली कचकन आल्या. विल्माने घास गिळला, आणि आणखी एक तुकडा तोडून तोंडात टाकला.

तो स्कोन तिच्या स्वतःच्या स्कोनपेक्षा चांगला होता. उन्नीस-बीसचा फरक असता तर तिने हसून पहिलं बक्षीस देऊन टाकलं असतं. इथे फरक मोठा होता.

तालुक्याच्या बेकरीत अख्खी ब्रॅम्बल कुणी वापरत नाही, मुरंबा वापरतात. हे सबंध गावात विल्माइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी तिने पेन उघडलं आणि चिठ्ठीवर लिहिलं : 'बाजारचे. स्पर्धेतून बाद.'

"खात्री आहे ना गं?" नेटाने हळूच विचारलं.

"सहाच्या सहा एका मापाचे! घरच्या ओव्हनमधून असं निघतं का कधी? पुढे चल."

दोन वाजता दारं उघडली. सातव्या ताटलीपुढे लगेच घोळका झाला. "कुणाची गं ही छाती?" "पिशवी तरी फेकून दिली का दुकानाची?" असं चाललेलं असताना डॉड हिस्लॉप पुढे आला.

डॉड गावचा सुतार. बोटं आखडल्यामुळे त्याने वर्षापूर्वी कामाला कुलूप लावलं होतं, आणि त्याच हिवाळ्यात त्याची बायको क्रिस्सी गेली होती. तो विल्माच्या वर्गातला. पाच वर्षांचे असल्यापासून तो तिला "विल्मे" म्हणत आलेला. त्या दिवशी त्याने चर्चला जायचा कोट घातला होता. त्याने चिठ्ठी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग खिशातला धुतलेला रुमाल काढून उरलेले स्कोन त्यात बांधले आणि ताटली काखेत मारली.

दाराकडे जाताना तो विल्मापाशी थांबला.

"येतो, मिसेस टर्नबुल," तो म्हणाला. "तुम्हाला उगाच त्रास झाला."

तो गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "डॉडचे होते? अरे, त्याला ओव्हन कुठून पेटतो ते तरी माहितेय का?" हॉलमध्ये हशा पिकला. विल्माही हसली. सगळे तिच्याकडे बघत होते, म्हणून हसली.

रविवारी जेवताना तिचा नवरा वॉट म्हणाला, "डॉड पाच आठवडे रोज भाजत होता म्हणे. बिघडलेले सगळे कोंबड्यांना. कोंबड्यांना चालवत नाही आता." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. विल्माने ताट तसंच उचलून मोरीत ठेवलं.

मंगळवारी ती डॉडकडे गेली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पहाटे उठून तिने स्कोन भाजले होते. त्याच्या फाटकाशी पोचल्यावर हातातल्या डब्याकडे लक्ष गेलं आणि आपण काय घेऊन आलोय ते तिला उमगलं. पण तोवर त्याने दार उघडलं होतं.

स्वयंपाकघरात मैद्याच्या बरणीशेजारी पोलादी पट्टी टांगलेली होती. ओट्यावर दोन लाकडी फळ्या होत्या, घासून गुळगुळीत केलेल्या. मध्ये पीठ ठेवून वर लाटणं फिरवलं की सगळीकडे सारखी जाडी यावी, अशा. सहाच्या सहा एका मापाचे कसे झाले, ते तिला विचारावंच लागलं नाही.

त्याने चहा दिला. तीच म्हणाली, "डॉड, माझा गैरसमज झाला रे. इतके एकसारखे दिसले, म्हणून मला वाटलं..."

"गैरसमज," डॉड म्हणाला. तो बराच वेळ चमचा फिरवत राहिला. "मी लवकर आलो होतो, मिसेस टर्नबुल. दारं बंद होती, म्हणून खिडकीतून बघत उभा होतो. तुम्ही एक घास खाल्लात. मग दुसरा खाल्लात. बाकी दहा ताटल्यांतला कुणाचा दुसरा घास नाही खाल्लात तुम्ही."

विल्माला वाटलं, आत्ता म्हणावं : हो, मला कळलं होतं. पण तिने कप जवळ ओढला. साठ वर्षांची बाई, जिने गावाला बोलून बोलून हैराण केलं, ती कपातल्या चहाकडे बघत बसून राहिली.

"चहा गार होतोय तुमचा," डॉड म्हणाला. आणि ती उठली तेव्हा, "डबा न्या बरोबर. एकट्याला एवढं जात नाही."

पुढच्या रविवारी सुगीच्या प्रार्थनेनंतर सगळे हॉलमध्ये चहाला जमले. विल्मा खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"सातव्या नंबरचे स्कोन घरचे होते," ती म्हणाली. "डॉडने केलेले. मला खातानाच कळलं होतं. माझ्यापेक्षा चांगले होते, ते मला सोसलं नाही, म्हणून मी खोटं लिहिलं."

पाद्री खाकरले. मग नेटा म्हणाली, "जाऊ दे गं. होतं असं कधी कधी."

"होत नाही, नेटा. मी केलं."

तिची अपेक्षा होती की आता कुणीतरी दोन शब्द सुनावेल. तिने मान खाली घालून वाटही पाहिली. पण झालं उलटंच. बायका एकेक करून आल्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "केवढं मोठं मन गं तुझं," "असं चारचौघांत कबूल करायला धीर लागतो." कुणी तिच्यासाठी केकचा सगळ्यात मोठा तुकडा कापून आणला. ज्याने ऐकायचं तो डॉड बहिणीकडे गेला होता. आपण याही वेळी टाळ्याच घेऊन चाललोय, हे लक्षात येऊन विल्माला त्या शनिवारपेक्षाही जास्त लाज वाटली. केक तिने कागदी रुमालाखाली झाकून ठेवला.

तिने परीक्षकपद सोडलं. नेटाने पहिल्या बक्षिसाचं कार्ड डॉडला घरी नेऊन दिलं. त्याने आभार मानले, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एका शेल्फची मापं लिहिली. स्पर्धेत तो पुन्हा कधी उतरला नाही. भाजणं मात्र सोडलं नाही. पोस्टमन त्याच्याकडे थांबून खायचा, वॉटसुद्धा. वॉट घरी यायचा तेव्हा त्याच्या स्वेटरवर कण असायचे. ती ते झटकायची, विचारायची नाही.

चार वर्षांनी एका ऑक्टोबरच्या सकाळी विल्मा बर्डी टाउनच्या वाटेवर ब्रॅम्बल तोडायला गेली, तर डॉड आधीच तिथे होता, हातात बादली घेऊन. दोघंही कुंपणाच्या दोन टोकांना फळं तोडत राहिले.

"खालची घेऊ नकोस, डॉड," शेवटी ती म्हणाली. "रस्त्याची धूळ असते त्यांच्यावर."

"माहीत आहे मला, मिसेस टर्नबुल," तो शांतपणे म्हणाला, आणि वरच्या फांदीकडे हात केला.

तिचे कान तापले. तिने आणखी दहा-बारा फळं तोडली, बोटाला काटा लागला तो तसाच ठेवला, आणि घरी परतली.

वॉटने बादलीत डोकावून पाहिलं. "एवढीच?"

"तिथे डॉड होता," ती म्हणाली. वॉटने मान हलवली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.