हेझलवरचा आळ

आर्डिथ हॉफरच्या कुत्रीनं आर्डिथच्या नवऱ्यावर बंदूक झाडली, हे आमच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कागदावरही तसंच आहे. मर्ल हॉफर गेल्या नोव्हेंबरात सशांच्या शिकारीला गेला, भरलेली दुनळी बंदूक पिकअपच्या मागच्या फळीवर ठेवून बुटाची नाडी बांधायला वाकला, हेझलनं फळीवर उडी मारली आणि तिचा पंजा चापावर पडला. सोबत धाकटा भाऊ ग्लेन होता, त्यानं डोळ्यांनी बघितलं. संपला विषय. लोक दोन दिवस हळहळले आणि तिसऱ्या दिवशी हसायला लागले. पेट्रोल पंपावर तर कुणा टवाळानं हेझलच्या नावानं शिकारीचा परवाना भरून काचेवर चिकटवला. आर्डिथनं तो नखांनी खरवडून काढला, पेट्रोलचे पैसे दिले आणि निघून आली.

हसण्यासारखं अजून एक होतंच की. मर्लनं बावीस वर्षं अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शिकारीचा वर्ग घेतला होता. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरपट्ट्यात पोराला बारावं लागलं की आधी हा वर्ग आणि मग हरीण. मर्ल पहिल्या दिवशी टेबलावर हात आपटून सांगायचा, "बंदूक आपोआप सुटत नाही. कुणीतरी सोडतं." अर्ध्या खोऱ्याला हे पाठ आहे. असा माणूस भरलेली बंदूक फळीवर ठेवून पाठ फिरवेल? पण विचारतंय कोण! हातून चूक होतेच, म्हणाले सगळे, आणि अंत्यविधीनंतरचे हॅमचे सँडविच खाऊन घरी गेले.

ती दुनळी हॉफरांच्या आजोबांची. चौकशी संपल्यावर परत आली आणि पुन्हा बैठकीच्या खोलीत तिच्याच दोन खुंट्यांवर चढली. तिचा राग कुणालाच आला नाही. सासूबाई, मदर हॉफर, वय वर्षं एकोणनव्वद, त्यांनीच सांगितलं, "बंदुकीचा काय दोष? ती माझ्या सासऱ्यांची आहे." आणि त्याच तोंडानं म्हणाल्या, "ते जनावर मात्र माझ्यासमोर आणू नका."

आर्डिथ तशी कमी बोलणारी. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं चारशे पोरांसाठी खिम्याचा मीटलोफ भाजला, तिथं बडबडीला वेळ होता कुठे? अडुसष्टाव्या वर्षी एकटी पडली. मूलबाळ नाही. उतारावरचं घर, खाली ओढा, वर जंगल, आणि जानेवारीत दारापर्यंत मांडीभर बर्फ. ते बर्फ ग्लेन काढायचा. लाकडं फोडायचा, छपराच्या पन्हळी साफ करायचा, दवाखान्यात न्यायचा. बायको सोडून गेल्यापासून तोही एकटाच होता. त्याच्याशिवाय आर्डिथला दुसरं कुणी नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

तेलाचा वास यायला लागला तो यंदाच्या ऑक्टोबरात.

आर्डिथ मंगळवारी चर्चच्या स्वयंपाकघरात सूप करायला जायची. परत येऊन दार उघडलं की वास. बंदुकीच्या तेलाचा, मर्लच्या बोटांना यायचा तोच. पहिल्यांदा तिला वाटलं, भास. दुसऱ्या मंगळवारी तिनं जवळ जाऊन पाहिलं, तर घरभर धुळीचा थर आणि दुनळी मात्र लख्ख! खालच्या खुंटीला तेलाचा ओला डाग. आणि हेझल, जी एरवी दिवसभर शेगडीपाशी पडून असते, ती भिंतीसमोर बसून वर बघत होती.

"मर्ल?" आर्डिथ म्हणाली. म्हणाली खरी, आणि स्वतःच्याच आवाजानं तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याचं नाव घ्यायला भीती वाटावी! ती रडली. मग कोट न काढताच कॉफी घेऊन खुर्चीत बसली आणि ती गार होईपर्यंत भिंतीकडे बघत राहिली.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी सूप करायला हात जास्त झाले म्हणून ती लवकर घरी निघाली. सकाळचे दहा, पण ओढ्यावरून धुकं असं चढलेलं की कुंपण दिसेना. गोठ्याच्या मागं ग्लेनची पिकअप उभी होती. पुढं जागा असताना मागं का? आर्डिथ गाडीतून उतरली, दार लावलं नाही, गवतावरून चालत खिडकीपाशी गेली.

ग्लेन आत उभा होता. दुनळी मधोमध मोडून, म्हणजे काडतुसांचं तोंड उघडून, त्यानं हातावर घेतली होती आणि फडक्यानं नळी पुसत होता. पुसत होता, वास घेत होता, पुन्हा पुसत होता. वर्ष झालं होतं त्या गोष्टीला, काय उरलं असणार त्या नळीत! हेझल त्याच्यापासून तीन हातांवर बसली होती. भुंकत नव्हती, गुरगुरत नव्हती. नुसती बघत होती.

"असं बघू नकोस माझ्याकडे," ग्लेन म्हणाला. काचेतूनही स्पष्ट ऐकू आलं. "ए बाई, बघू नकोस ना."

आर्डिथ तशीच मागं सरकली. गाडीत जाऊन बसली, दार मुद्दाम जोरात आपटलं आणि हॉर्न वाजवला. ती आत आली तेव्हा दुनळी खुंटीवर होती आणि ग्लेन शेगडीत लाकूड सारत होता. "वाटलं, थंडीच्या आधी धुराडं बघून घ्यावं," तो म्हणाला. "बरं केलंस," ती म्हणाली, आणि त्याला कॉफी दिली.

आता खरं सांगायचं तर तिला नवीन काहीच कळलं नव्हतं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हेझलचे मागचे खुबे मर्ल जायच्या दोन वर्षं आधीच गेले होते. दोन पायऱ्या चढताना ती तीनदा थांबायची. पिकअपच्या फळीवर उडी? सोफ्यावर चढता येत नव्हतं तिला! मर्ल रोज सकाळी एक हात छातीखाली, एक हात मागं घालून तिला उचलून गाडीत ठेवायचा आणि उचलून खाली घ्यायचा. ग्लेन तेव्हा ओहायोत पाइपलाइनच्या कामावर होता. मर्ल गेला तेव्हा परत येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता. त्याच्या डोक्यात होती ती जुनी हेझल, कुंपणावरून टणाटण उड्या मारणारी.

अंत्यविधीच्या दिवशी ग्लेन ती गोष्ट पाचव्यांदा सांगत होता, तेव्हा आर्डिथ शेजारीच उभी होती, हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं. तिनं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग तिला उतारावरचं घर दिसलं, बर्फ दिसलं, आणि तिनं ते मिटलं. कुत्रीला काय कळतंय, असं मनाशी म्हणाली. वर्षभर तेच म्हणत होती.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी, भर दुपारी, ग्लेन आला. शिकाऱ्याची नारिंगी टोपी काढून हातात धरली आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"गुरुवारी सणाला आई येते म्हणाली जेवायला," तो म्हणाला.

"मग येऊ दे की. टर्की सोळा पौंडांची आणलीय."

"पण ही असेपर्यंत घरात पाऊल टाकणार नाही म्हणते." त्यानं हेझलकडे न बघता हनुवटीनं दाखवलं. "नव्वदीला टेकलीय ती, आर्डिथ. अजून किती थँक्सगिव्हिंग बघणार? आणि हिचे तरी काय राहिलेत? धड चालवत नाही. मी नेतो हिला वरच्या बागेत. कळणारही नाही तिला. एक सेकंदाचं काम."

"आज?"

"आजच. शनिवारी हरणांची शिकार सुरू होते, मग मला वेळ नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "झोप येत नाही गं मला. ही जिवंत आहे तोवर नाही येणार."

आर्डिथ उठली. खुंटीवरचा पट्टा काढून तिनं हेझलच्या गळ्यात अडकवला आणि दुसरं टोक ग्लेनच्या हातात दिलं. आत्ता बोलायला हवं होतं. ग्लेन पायऱ्या उतरला. हेझल एकेक पायरी थांबत, मागचे पाय ओढत त्याच्यामागं गेली.

वर जंगलात कुणीतरी रायफलीचा नेम बसवत होतं. एक बार, मग शांतता, मग एक बार.

ग्लेननं पिकअपची फळी खाली पाडली. आत लांब रायफल पिशवीत होती आणि शेजारी फावडं. "चल," त्यानं फळीवर थाप मारली. "चढ! हप!"

हेझल उभी राहिली. फळीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"हप, म्हातारे! चढ ना." त्यानं पट्टा ओढला. हेझलची मान ताणली गेली, मागचे पाय जागच्या जागी मुडपले आणि ती खाली बसली. ग्लेननं तिसऱ्यांदा हात उचलला आणि तो हात तसाच हवेत राहिला. त्याची पाठ आर्डिथकडे होती. ती पाठ हळूहळू ताठ होताना तिला दिसली.

"उचलावं लागतं तिला," आर्डिथ पायरीवरून म्हणाली. "तीन वर्षं झाली, ग्लेन."

तो वळला नाही. फळीवर बसला, चिखलाच्या बुटांकडे बघत.

"दगडी कुंपण होतं," तो म्हणाला. "दुनळी माझ्याकडे होती. मीच मागितली, आजोबांची म्हणून. मर्ल आधी पलीकडे गेला. म्हणाला, मोडून रिकामी कर, मग चढ. मी म्हटलं, हो रे मास्तर, आणि तसाच चढलो. पाय सरकला आणि बार उडाला." त्यानं बुटाचा चिखल फळीच्या कडेला घासला. "शुद्धीवर होता थोडा वेळ. हेझल त्याच्या पायाशीच होती ना. मला म्हणाला, तिला नाही ना लागलं? बघ जरा. एवढंच. आणि मी..."



"तिच्यावरच ढकललंस," आर्डिथ म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "नालायका! त्यानं तिची काळजी केली आणि तू तिच्यावरच ढकललंस!"

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून."

ग्लेननं मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"तू बर्फ काढायला आला नसतास," आर्डिथ म्हणाली. स्वतःच्या तोंडून हे वाक्य ऐकलं आणि तिला स्वतःची इतकी शिसारी आली की कठडा धरावा लागला. "उचल तिला. एक हात छातीखाली, एक मागं. पुढं ठेव, माझ्या मांडीवर. आईकडे चल."

"आई मरेल ऐकून."

"चल म्हणते ना!"

त्यानं उचललं. हेझल त्याच्या हातात थरथरत होती आणि तिनं त्याच्या कोटावर मुतलं, तरी त्यानं सोडलं नाही. ओढ्याकाठानं दोन मैल जायचं होतं. धुक्यात रस्त्याकडेला नारिंगी जाकिटं घातलेली माणसं हात वर करत होती, आणि ग्लेनही सवयीनं हात वर करत होता.

मदर हॉफरनी काठी टेकत दार उघडलं. ग्लेनच्या हातातलं जनावर बघून मागं सरल्या. "हे काय? हिला माझ्या दारात का आणलंस?"

"आई, हिनं नाही मारलं," ग्लेन म्हणाला. "मी मारलं. माझ्या हातून झालं."

म्हातारी बघत राहिली. ग्लेनकडे, कुत्रीकडे, मग आर्डिथकडे. चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही.

"आणि तुला ठाऊक होतं?"

"होतं," आर्डिथ म्हणाली.

"वर्षभर?"

"वर्षभर."

घरात कुठेतरी किटलीची शिट्टी वाजायला लागली. म्हाताऱ्या बाईनं ती वाजू दिली. मग काठी भिंतीला टेकवून तिनं दार पूर्ण उघडलं.

"कुत्रीला आत ठेव, शेगडीपाशी," ती म्हणाली. "तुम्ही दोघं बाहेर थांबा."