वेसकर, किंमत शून्य

मैत्रेयी रोकडेला राग आला की ती ओरडत नाही, काही आपटत नाही. ती टेबल आवरायला घेते. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या त्या ऑफिसात आठ माणसं, आणि सगळ्यांना हे पाठ होतं की मॅडमनी पेनं एका रांगेत लावायला घेतली की आपण चहाच्या निमित्ताने खाली सटकायचं. त्या मंगळवारी तिने पेनं लावली, वायरी गुंडाळल्या, शेजारच्या सुयोगचं टेबलसुद्धा आवरून टाकलं, तरी राग काही उतरेना.

ऑफिस कसलं, तर मोबाइलवरच्या गेमचं. खाली विकी मंगतानीच्या वडिलांचं जीन्सच्या चेन-बटणांचं दुकान, वरच्या मजल्यावर विकीचा हा उद्योग. गेमचं नाव ‘गावपत्ते’. दोन खेळाडू, दोघांचं एकेक गाव, हातात कार्डं. आपलं गाव राखायचं, समोरच्याचं लुटायचं, शेवटी ज्याच्या कणगीत दाणे जास्त तो जिंकला. प्रत्येक कार्डावर वर चित्र, मध्ये नियम आणि तळाला तिरक्या अक्षरात एक ओळ. ही ओळ म्हणजे गेमची जान. पाटलाच्या कार्डाखाली ‘मिशीला तूप, कामाला झोप’, सावकाराच्या कार्डाखाली ‘व्याज सोडा, चहा तरी पाजा’. या ओळी सुयोग लिहायचा. अंबरनाथचा पोरगा, जिभेवर तलवार; लोक नुसत्या त्याच्या ओळी वाचायला गेम उघडायचे. ते मैत्रेयीही मान्य करायची, खोटं कशाला बोला.

मैत्रेयीचं काम आकड्यांचं आणि नियमांचं. कुठलं कार्ड किती दाण्यांना, टाकल्यावर काय होतं, त्याने डाव बिघडतो का. दिवसभर खेळायचं, हरायचं, आकडा बदलायचा, परत खेळायचं. सात वर्षं ती रोज बदलापुरातून स्कूटर काढून अंबरनाथ ओलांडून इथे येत होती, आणि या सात वर्षांत तिच्या नियमाला वाहवा मिळाल्याचं कुणाला आठवत नाही. नियम नीट बसला की तो कुणाच्या लक्षातच येत नाही.

तर नव्या संचात गावातली बलुतेदार मंडळी येणार होती. सुतार, कुंभार, न्हावी आणि वेसकर. मंगळवारी सकाळी वेसकराचं कार्ड तिच्या स्क्रीनवर आलं. चित्रात एक ढेरपोट्या माणूस, घोंगडीत पाय अडकून धडपडलेला, हातात घुंगरांची काठी, मागे कुत्रं लागलेलं. कार्ड टाकलं की छुम छुम आवाज. आणि तळाला सुयोगची ओळ: ‘छुम छुम ऐकून चोर पळाले. बायको तर कालच पळाली.’

अख्खं ऑफिस हसलं होतं म्हणे. हसणार नाही तर काय.

सुयोग चहा पिऊन वर आला तेव्हा त्याचं टेबल आरशासारखं लख्ख होतं. त्याने ओळखायचं ते ओळखलं.

“काय झालं?”

“ही ओळ काढ. चित्रही.”

“अगं, मज्जा आहे. पाटलाची उडवलीय, सावकाराची उडवलीय, मग वेसकरानेच काय घोडं मारलंय? सगळे सारखे.”

“पाटलाची थट्टा पाटलाला परवडते,” मैत्रेयी म्हणाली. “माझा पणजोबा वेसकर होता. बाळाजी रोकडे. मुरबाडकडच्या एका गावात. वेशीबाहेर उभा राहायचा आणि संध्याकाळी दारोदार शिळी भाकर मागून आणायचा. ती घुंगरं कशाला होती माहितेय तुला? तो येतोय हे लांबूनच कळावं, लोकांना त्याचा विटाळ होऊ नये म्हणून.”

सुयोगचं तोंड उतरलं. “सॉरी यार. तसं काही मनात नव्हतं माझ्या.”

मनात नसतंच. कधीच कुणाच्या मनात नसतं, आणि तरी ते बरोबर कार्डावर येऊन बसतं. सुयोग वाईट मुलगा नव्हता, म्हणून तर जास्त संताप यायचा. वाईट असता तर दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं.

विकीने दोघांना केबिनमध्ये घेतलं. विकीला मराठी समजायचं, बोलायचा मात्र बहुतेक हिंदीत. “देख, मेरे दादा सिंध से आए, बॅरक में रहे, एक नल पे चालीस घर. उसपे मैं जोक मारता हूं की नहीं?”

“तुम्ही मारता,” मैत्रेयी म्हणाली. “मी मारला तर?”

 माणूस धंद्याचा होता, पण ऐकून घ्यायचा. “ठीक है. तू लिख. सिरीयस लिख, डीप. अपने गेम को लोर चाहिए ही था. ओळ तुझी, कथा पण तुझी.” प्रत्येक कार्ड दाबलं की एक पानभर कथा उघडायची, तिला तिथे सगळे लोर म्हणायचे.

आता जिने सात वर्षं फक्त आकडे लिहिले तिला कुणी लिही म्हटल्यावर काय होणार. दोन दिवस ती जेवायचं विसरली. खालून मागवलेलं दाल पकवान टेबलावर मऊ पडलं. तिने लिहिलं की गाव झोपतं पण वेसकर झोपत नाही. दरोडेखोर येतात, पाटलाच्या लेकीला उचलतात, आणि एकटा वेसकर काठीनिशी चौघांना अडवून वेशीवर देह ठेवतो. चित्रही नवं झालं. भरदार छाती, वर चढलेल्या मिशा, मागे लालभडक सूर्य. तळाला ओळ: ‘इमान हेच त्याचं वतन.’

ऑफिसातल्या सगळ्यांनी वाचलं. सुयोग म्हणाला, “काटा आला अंगावर,” आणि तो मनापासून म्हणाला, टोमणा नव्हता. विकीने टाळ्या वाजवल्या. मैत्रेयीला वाटलं, झालं, पणजोबाला कुणी हसणार नाही आता.

घरी गेल्या गेल्या तिने वडिलांना सुयोगच्या ओळीची हकीकत सांगितली आणि मोबाइल हातात दिला. प्रमोद रोकडे, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस. कमी बोलणारा. बाळाजीबद्दल त्याने पोरीला आजवर दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, की तो वेसकर होता. आणि दोन, की छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर प्रमोदच्या वडिलांनी ती काठी चुलीत घातली आणि घुंगरं नदीत फेकली, भंगारातसुद्धा कुणाला मिळू नयेत म्हणून. त्यापुढे विचारलं की प्रमोद विषय बदलायचा.

त्याने चष्मा लावून कथा सावकाश वाचली. मग परत वाचली. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

“इमान हा शब्द कुणी लिहिला?”

“मी लिहिला, पप्पा.”

“त्या पोराने हसून अब्रू घेतली. तू हार घालून घेतलीस.”

मैत्रेयीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. प्रमोद उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. आवाज चढवणं त्याला जमत नव्हतं.

“माझ्या बापाला एक थोरली बहीण होती. सात वर्षांची. अंगात ताप होता तिच्या. त्याच दिवशी पाटलाच्या घरात कुणी वारलं. सांगावा पोचवायचा होता पाटलाच्या व्याह्यांना, दोन दिवसांच्या वाटेवर. बाळाजीला सांगितलं, नीघ. पोर आजारी आहे म्हणून सांगून पाहिलं त्याने. नीघ म्हणाले. तो परत आला तोवर पोरीला माती दिली होती. आणि त्या संध्याकाळी तो कुठे होता, विचार.”

“कुठे?” मैत्रेयीने विचारलं.

“वेशीवर. ठरल्या वेळेला. इमान म्हणून उभा नव्हता तो. नाही उभा राहिला तर भाकर बंद, आणि घरात आणखी तीन पोरं होती. पळून जायला जागा नव्हती, एवढंच. आणि तू काय लिहिलंस? पाटलाच्या लेकीसाठी जीव दिला. आपली लेक कुठे आहे यात?”

 मैत्रेयीला स्वतःचाच इतका संताप आला की तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली उतरवले आणि परत लावले, आणि मग आणखी एकदा उतरवले. तिचं काय चुकलं ते तिला आता लख्ख दिसत होतं. सुयोगच्या कार्डावर बाळाजी हसू येण्यासारखा होता, तिच्या कार्डावर पाया पडण्यासारखा. दोन्हीकडे त्याच्या वाट्याला आलेलं काम बरोबर गायब. उलट तिचं वाचून तर पाटलाच्या पणतूला गहिवरून आलं असतं.

सकाळी तिने विकीला सांगितलं की कार्ड काढून टाका.

“कसं काढू? बलुतेदारांचा संच आहे, जाहिरात गेली. शुक्रवारी लाइव्ह आहे,” विकी या वेळी मराठीतच बोलला, म्हणजे तोही वैतागला होता. “हसवणारी ओळ ठेव नाहीतर रडवणारी ठेव. संध्याकाळपर्यंत सांग.”

“नियम माझेच ना?”

“नियम तेरे ही हैं. उसको कौन हात लगाता है.”

ती जागेवर गेली. टेबल आवरलं नाही. लिहिलेली कथा तिने पुसून टाकली, एक ओळही ठेवली नाही. चित्रं काढणाऱ्या ऋताला म्हणाली, “मिशा नको, सूर्य नको. एक माणूस, काठी, वेशीच्या बाहेर. पाठमोरा.” ऋताने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता कामाला लागली. मग मैत्रेयीने नियमांचा तक्ता उघडला. शेकडो कार्डांचे नियम तिने या तक्त्यात बसवले होते, पण असा कधी नाही. तिने लिहिलं:

किंमत: शून्य दाणे.
गावातल्या कुणावरही वार आला तर तो वेसकरावर घेता येतो.
वेसकराला कुणीही वाचवू शकत नाही.
वेसकर वेशीच्या आत येऊ शकत नाही.
वेसकर मेला तर पुढच्या पाळीला त्याचं मूल त्याच जागी उभं राहतं.
दाणे मोजताना वेसकर धरत नाहीत.

नियम चार ओळींच्या वर गेला की तळाची तिरकी ओळ आपोआप उडते, गेमची रचनाच तशी होती. संध्याकाळी विकीने कार्ड पाहिलं, ओळ कुठे गेली विचारलं. जागा उरली नाही, ती म्हणाली. त्याने तिथेच उभ्याउभ्या तीन डाव खेळले आणि तिन्ही जिंकला.

“जबरदस्त कार्ड है यार. फुकट भी है. बॅलन्स है ना?”

“आहे. इतकी वर्षं गावागावात चाललं होतं, तसंच आहे.”

विकीला ते कळलं नाही. शुक्रवारी संच लाइव्ह गेला.

पंधरा दिवसांत असा एक खेळाडू राहिला नाही ज्याच्या हातात चार वेसकर नव्हते. ‘फुकटात जिंकायचंय? वेसकर लावा आणि मारून घ्या’, असे व्हिडिओ निघाले. पाटील वाचवायचा, सावकार वाचवायचा, कोंबडी वाचवायची, सगळे वार त्या एकाच्या डोक्यावर. मेला तर मुलगा आहेच. मैत्रेयी हे वाचायची आणि दात आवळायची. तिला ठाऊक होतं की असंच होणार, तिनेच तर बसवलं होतं. तरी डोळ्यांसमोर होताना पाहणं वेगळं.

मग हळूहळू तक्रारी यायला लागल्या. कुणीतरी लिहिलं की एका डावात अकरा वेळा बाप मेला आणि अकरा वेळा मुलगा आला, खेळवेना मला. कुणी लिहिलं, निदान एकदा तरी त्याला वेशीच्या आत घ्यायची सोय करा. त्यावर दुसऱ्याने लिहिलं, कार्ड आहे रे, रडतोस काय. चारशे उत्तरांची मारामारी झाली त्याखाली. सुयोग एक दिवस तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“मी त्याच्याशिवाय खेळून बघितलं काल. सात डाव. सातही हरलो.” मग खाली बघत म्हणाला, “अन्याय आहे गं हे कार्ड.”

“हो,” मैत्रेयी म्हणाली.

विकीने नियम सैल करायला सांगितलं, लोग सेंटी हो रहे हैं म्हणाला. ती नाही म्हणाली. त्याने परत सांगितलं, तिने राजीनाम्याचा कागद छापून त्याच्यासमोर ठेवला, आणि त्याने तो फाडून टाकला. नियम तसाच राहिला.

घरी प्रमोदने त्या रात्रीनंतर या विषयावर तोंड उघडलं नव्हतं. तिने नवं कार्ड त्याला दाखवलंही नव्हतं, तिची हिंमत झाली नव्हती. एका रविवारी दुपारी ती बाहेरून आली तर प्रमोद खुर्चीत, चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाशी. गावपत्ते खेळत होता. त्याने तो कधी घेतला, कधी शिकला, देव जाणे.

ती मागे जाऊन उभी राहिली. समोरच्या कुणा पोराच्या गावाबाहेर चार वेसकर उभे होते. प्रमोदच्या वेशीवर कुणीच नव्हतं. त्याचा सुतार गेला, कुंभार गेला, पाटील गेला, कणगी रिकामी झाली. डाव हरला.

“पप्पा, वेसकर घेतला नाहीत? फुकट आहे तो.”

“वाचलंय मी. पाचही नियम वाचलेत.”

“त्याच्याशिवाय जिंकता येत नाही.”

“माहितेय. महिनाभर हरतोय.” प्रमोदने चष्मा डोळ्यांवर घेतला. “माझ्या गावात तो उभा राहणार नाही. लुटू दे त्यांना.”

आणि त्याने पुढचा डाव लावला.