हवापालट, मुक्काम लोणी काळभोर

“मॅडम, इंजेक्शन राहू द्या आता. ईश्वरीला आम्ही गावाला ठेवतोय. हवापालट.”

दत्ताभाऊ खुर्चीच्या कडेला टेकून बोलत होते. शेजारी त्यांची बायको संगीता खाली मान घालून पर्सची चेन उघडत होती, लावत होती. साडेसात वर्षांची ईश्वरी वजनकाट्यावर चढउतार करत होती. मी लहान मुलांच्या हार्मोन्सची डॉक्टर. पालकांचे बरेच निर्णय ऐकलेले आहेत, पण पुढच्या वाक्याला मीही गार पडले.

“तुम्हीच म्हणाला ना, हवेमुळं होतंय म्हणून.”

मी असं म्हणाले नव्हते. काय म्हणाले होते, त्यासाठी आधीची भेट सांगायला हवी.

ईश्वरीला अंघोळ घालताना संगीताच्या हाताला मुलीच्या छातीपाशी गाठ लागली. ती घाबरून फॅमिली डॉक्टरांकडे गेली, त्यांनी माझ्याकडे पाठवलं. ती गाठ नव्हती. मुलगी वयात यायला लागली होती. मुलींमध्ये आठ वर्षं पूर्ण होण्याआधीच ही सुरुवात झाली, तर आम्ही त्याला ‘प्रिकॉशियस प्युबर्टी’ म्हणतो. म्हणजे वेळेआधी वयात येणं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि डाव्या हाताचा एक्स-रे काढला. मनगटाच्या छोट्या हाडांवरून शरीराचं खरं वय कळतं, त्याला ‘बोन एज’ म्हणतात. ईश्वरीचं बोन एज दहा निघालं. अशी मुलं आज वर्गात सगळ्यांत उंच दिसतात, पण त्यांची वाढ लवकर थांबते आणि मोठेपणी ती बुटकी राहतात. शिवाय तिसरी-चौथीतच मुलीला पाळी आली तर तिनं ती सांभाळायची कशी, हा प्रश्न उरतोच.

यावर औषध आहे. महिन्याला एक इंजेक्शन. मेंदूकडून निघणारा ‘मोठी हो’ हा निरोप ते काही काळ अडवून धरतं. योग्य वयात इंजेक्शन बंद केलं की पुढचं सगळं नेहमीसारखं होतं.

हे सगळं संगीतानं नीट ऐकलं आणि विचारलं, “पण झालं कशामुळे?”

हा प्रश्न मला प्रत्येक आई विचारते. संगीताच्या घरी याची उत्तरं आधीच तयार होती. सासूबाई गावाहून फोनवर म्हणत होत्या, चिकनमुळे. दत्ताभाऊ म्हणत होते, मोबाइलमुळे. आणि दोघांचं मिळून एकमत असं की संगीता पोळी-भाजी केंद्रात कामाला जाते, तिचं पोरीकडे लक्ष नाही. कारणं वेगवेगळी, आरोपी एकच.

मी तिला सांगितलं की बहुतेक मुलींमध्ये कारण सापडतच नाही. घराण्याचा भाग असतो, वजनाचा असतो. ती मार्केट यार्डामागच्या गल्लीत राहते, खिडकीखाली दिवसभर टेम्पो इंजिन चालू ठेवून उभे असतात, असं ती बोलता बोलता म्हणाली होती. म्हणून हेही सांगितलं की धुरातल्या अतिबारीक कणांचा मुलांच्या वयात येण्याशी काही संबंध आहे का, यावर अभ्यास चालू आहेत. काहींत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. एका मुलीकडे बोट दाखवून ‘हिचं हवेमुळेच झालं’ असं आज कुणीच सांगू शकत नाही.

एवढ्या सगळ्यातून संगीतानं एकच शब्द उचलला. हवा. तिचा चेहरा उजळला. मी तिला दोष देत नाही. खापर फोडायला हवा बरी, तिला सासू नसते.

पण घरी जाऊन त्या शब्दाचं भलतंच झालं. हवा वाईट, म्हणजे हवापालट हवा. हवापालट म्हणजे गाव. मुलीला आजीकडे ठेवायचं, तिथल्याच शाळेत घालायचं, चांगली हवा लागली की सगळं आपोआप थांबेल. आईची सुटका झाली आणि मुलगी तडीपार.

“गाव कुठलं तुमचं?” मी विचारलं.

“लोणी काळभोर.”

“घर आत मळ्यात आहे का?”

“छे छे. हायवेला लागूनच हाय. एसटी अगदी दारात थांबती.”

“सोलापूर हायवेला?”

“हां.”

“अहो दत्ताभाऊ, तुम्ही टेम्पो चालवता. यार्डात येणारे किती ट्रक तुमच्या आईच्या दारावरून येतात?”

“लय येतात की. मी सुद्धा तिकडूनच...” ते मध्येच थांबले आणि संगीताकडे बघायला लागले.

मला हसू येत होतं. तेवढ्यात वजनकाट्यावरून ईश्वरी म्हणाली, “आजी म्हणते मी शहाणी व्हायला लागले, म्हणून मला इथे ठेवायचं नाही.”

मुलगी वयात आली की ‘शहाणी झाली’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मोठी माणसं त्यातला अर्थ आपोआप समजून घेतात. लहान मूल शब्द ऐकतं तसाच घेतं.

“डॉक्टर, तुमच्या इंजेक्शननी मला परत वेडी करता येईल?” तिनं विचारलं. “मग मी आईपाशीच राहीन.”

संगीताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला राग आला. माझ्यासमोर तपासायला आणलेली मुलगी आपलं काय चुकलं ते शोधत होती. सिस्टरना सांगून मी तिला बाहेर चित्रं काढायला पाठवलं.

दार लागल्यावर दत्ताभाऊ हळूच म्हणाले, “मॅडम, खरं सांगू का? हवेचं एक निमित्त झालं. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. गल्लीत सारखी अनोळखी माणसं. पोरगी मोठी दिसायला लागली. मला भीती वाटती.”

आता कुठे खरं दुखणं टेबलावर आलं. माझा राग तिथेच उतरला.

“तुमची भीती खरी आहे,” मी म्हणाले. “पण ती दिसायला मोठी असली तरी आतून दुसरीतलीच आहे. आत्ता तिला आई लागणार. कशामुळे झालं ते मला ठाऊक नाही. काय केलं तर थांबेल, ते पक्कं ठाऊक आहे. आणि ते गावाला पाठवून होणार नाही.”

संगीतानं डोळे पुसले. “माझ्यामुळे झालेलं नाही, एवढं यांच्यासमोर बोलाल का?”

“संगीतामुळे झालेलं नाही,” मी मोठ्यानं म्हणाले.

“आणि सासूबाईंना?”

“लावा फोन.”

दत्ताभाऊंनी फोन स्पीकरवर टाकला. मी आजींना सगळं पुन्हा सांगितलं. चिकन, मोबाइल, सून, तिघंही निर्दोष.

“मंग पोरीला धाडत नाय का हिकडं?”

“नाही आजी.”

“आन् दुपारची तिच्यापाशी कोण बसणार?”

दत्ताभाऊंनी संगीताकडे बघितलं, संगीतानं माझ्याकडे.

“मंग मीच येती तिकडं,” आजी म्हणाल्या. “दत्ता, रविवारी टेम्पो घिऊन ये. माझी पेटी जड हाय.”

त्या दिवशी ईश्वरीला पहिलं इंजेक्शन दिलं. आता दर महिन्याला आजीच तिला घेऊन येतात. छातीतली वाढ थांबली आहे, उंची वयाच्या मानानं वाढते आहे, मुलगी खो-खो खेळते आहे. आजींनी आल्या आल्या मुलाला खिडकीखाली टेम्पो चालू ठेवायची बंदी केली आणि मग गल्लीतल्या बाकीच्यांनाही झापलं. धुरानं डोळे चुरचुरतात, एवढं कारण त्यांना पुरलं. अभ्यासांचा निकाल यायची त्यांनी वाट पाहिली नाही.

मी अजूनही पालकांना हवेबद्दल सांगते, कारण ते सांगायलाच हवं. फक्त आता लगेच पुढचा प्रश्नही विचारते, “मग घरी जाऊन काय करणार आहात?” निदान मी करत असले, तरी निकाल त्यांच्या घरी लागतो.