उत्तरार्धातल्या कुड्या

आमच्या रविवारच्या बाकावर एकच कायदा आहे आणि तो मी केलेला आहे. न पाहिलेल्या सिनेमाबद्दल मत द्यायचं नाही. कोणाला शंका आली तर तो दोनच प्रश्न विचारणार: इंटर्व्हलला काय झालं आणि शेवट काय झाला. उत्तर आलं नाही, तर तीन महिने तोंड बंद. बाकावर यायचं, चहा प्यायचा, दुसऱ्यांचं ऐकायचं.

बाक डोंबिवली पूर्वेला, बागेच्या फाटकाबाहेर. आम्ही चौघे. सगळ्यांत वडील ते मोहने गावचे काका, तिथल्या कारखान्यात उभं आयुष्य गेलेले. न्यायाधीश तेच. दुसरे गणिताचे मास्तर. ते सिनेमाला दहापैकी गुण देतात, आणि सहाच्या वर अजून कोणी गेलेलं नाही. तिसरा मी. सिनेमावर बोलणारा म्हणून बाकावर माझाच मान होता. मी बोलायला लागलो की शेजारच्या बाकावरचे लोक पेपर खाली घ्यायचे.

मग दीड वर्षापूर्वी चौथा आला. ठाण्याजवळची बाळकुमची जागा विकून आईला आणि बायकोला घेऊन इकडे राहायला आलेला, माझ्याच वयाचा, गोल चेहऱ्याचा माणूस. तो दर रविवारी आदल्या दिवशी पाहिलेल्या सिनेमाबद्दल बोलू लागला, आणि शेजारचे पेपर त्याच्यासाठी खाली यायला लागले.

मला त्याचा संशय आला. माझा मान गेला म्हणून आला, हे मी नाकारत नाही. पण कारणही होतं.

हा माणूस एका सिनेमाबद्दल दोन माणसांसारखा बोलायचा. इंटर्व्हलपर्यंत सगळी मारामारी. कोणी कोणाला कुठे धरलं, गाडी कशी उलटली, पिस्तुलात गोळ्या किती होत्या. उठून हातवारे करायचा. इंटर्व्हल झाला की खाली बसायचा, आवाज उतरायचा, आणि म्हणायचा, "पण मला सांगा, हिरॉइनच्या आईने कर्ज काढून लग्न लावलंय ना? मग तिच्या कानात त्या टपोऱ्या मोत्यांच्या कुड्या आल्या कुठून? आणि घरात माणूस गेलंय त्या दिवशी ओट्यावर कोथिंबीर निवडलेली कशी?"

काका खूश व्हायचे. "काय नजर आहे रे तुझी!"

मी मनात म्हणायचो, नजर एकाची नाही. पूर्वार्धात हा हवालदार, उत्तरार्धात साडीच्या दुकानात पदर उलटून बघणारा. हा नक्की मोबाइलवर कुठेतरी वाचतो, दोन ठिकाणचं, आणि जोडून आणतो.

एका रविवारी तो लवकर उठून घरी गेल्यावर मी काकांना तसं सांगितलं.

"प्रश्न विचार की मग," काका म्हणाले.

"विचारले तर उत्तरं देईल. वाचून आलेला असतो तो. मी रंगेहाथ पकडतो. शनिवारी तो खरंच थिएटरात जातो का ते बघतो, आणि रविवारी पुरावा तुमच्यापुढे."

"जळतोस तू त्याच्यावर," मास्तर म्हणाले. "दहापैकी दहा."

शनिवारी मी बाराच्या खेळाला गेलो. आमच्याकडे अजून एक जुनं थिएटर आहे, तिकिटाचा अर्धा तुकडा फाडून हातात देणारं. मी डोक्यावर टोपी घालून बाल्कनीत मागे बसलो. बायकोने टोपीवरून विचारलं होतं, "कुठे दरोडा आहे?"

तो आला! खाली, कडेच्या खुर्चीत बसला. मला वाईट वाटलं. पण सिनेमा सुरू झाल्यावर पाहिलं तर हा माणूस पडदा नुसता बघत नव्हता, पाठ करत होता. ओठ हलत होते. दर मारामारीनंतर बोटांवर काहीतरी मोजत होता.

इंटर्व्हलला तो उठला आणि बाहेर पडला. मी मागे. पॉपकॉर्नकडे नाही, मुतारीकडे नाही, सरळ फाटकाबाहेर. पायऱ्यांवर त्याची बायको उभी होती, खांद्याला पर्स, इस्त्रीची साडी. त्याने खिशातून तिकिटाचा अर्धा तुकडा काढून तिला दिला. तिने विचारलं, "पकडला का?" तो म्हणाला, "अजून नाही. भाऊ त्याला सामील आहे." ती हसत आत गेली, आणि तो घाईघाईने घराकडे निघाला.

आता शहाण्या माणसाने परत आत जाऊन उरलेला सिनेमा बघितला असता. मी त्याच्या मागे गेलो.

त्याची इमारत चार मिनिटांवर. समोर शहाळ्यांची गाडी. मी गाडीमागे उभा राहिलो. थोड्या वेळाने पहिल्या मजल्याच्या गॅलरीत तो आला, आणि त्याने आईला धरून आणून खुर्चीत बसवलं. मग सुरू झाला. "आई, तो दाराशी येतो. दार बंद. मग त्याने लाथ मारली, अशी!" त्याने गॅलरीच्या गजाला खरोखर लाथ मारली. म्हातारी म्हणाली, "हळू रे, लागेल त्याला." कोणाला, ते कळलं नाही. मी हसलो, आणि त्याने खाली पाहिलं.

"काय रे, शहाळ्यांमागे काय करतोयस?"

तो खाली आला. आईला वरून दिसेल असाच उभा राहिला आणि तोंड तिच्याकडे ठेवूनच माझ्याशी बोलला. दोन वर्षांपूर्वी आई घरात पडली. तेव्हापासून घर रिकामं झालं की घाबरते, ओरडते. म्हणून एक तिकीट, आणि मधली दहा मिनिटं शेजारीण येऊन बसते. अर्धा सिनेमा याचा, अर्धा तिचा.

"म्हणजे त्या कुड्या वहिनींच्या," मी म्हणालो.

"कुड्या, कोथिंबीर, सगळं तिचं. उद्या सांगणार तू काकांना?"

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मी तीन महिने गप्प बसेन रे, माझं काय. पण आठवडाभर ती आईबरोबर घरातच असते. रविवारी मी घरी गेलो की पहिलं विचारते, काका काय म्हणाले? मास्तर हसले का? तिचं बोलणं तेवढंच जातं घराबाहेर."

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी उदार होतो. "पुढच्या शनिवारी मी बसतो आईंजवळ. तुम्ही दोघं जा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा टीव्ही मागितला होता.

"नको. मग जेवताना एकमेकांना सांगायचं काय?"

रविवारी काका माझी वाटच पाहत होते. तो आलेला होता, चहाच्या ग्लासात बघत बसला होता.

"काय गुप्तहेर? पुरावा?"

"होता तो," मी म्हणालो. "बाराच्या खेळाला. पूर्ण सिनेमा. माझं चुकलं."

त्याने ग्लासातून नजर वर केली. प्रकरण संपलं असं मला वाटलं. पण गणिताचा मास्तर फार वाईट जात.

"म्हणजे तूही होतास," मास्तर म्हणाले. "मी शुक्रवारीच बघितला. मग सांग बघू, शेवट काय?"

मी खाकरलो. टाळ्या घेणारा आवाज लावला. "शेवट! शेवट असा आहे मास्तर, की डोळे पाणावतात. भाऊ पकडला जातो, आणि हिरोचं लग्न होतं."

मास्तरांनी डोळे मिटले. "लग्न?"

"साधेपणाने," मी म्हणालो.

"अरे, हिरो मरतो," काका म्हणाले. त्यांनीही पाहिला होता! या वयात मला न सांगता हा माणूस एकटा सिनेमाला गेला होता.

तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "भाऊच गोळी घालतो. आणि मग बहीण हिरोची सायकल धुऊन पुसून जिन्याखाली ठेवते. पण पुसायला घेतलेलं फडकं नवं कोरं होतं, ते मला पटलं नाही."

"बरोबर!" मास्तर म्हणाले. "फडकं माझ्या लक्षात आलं नव्हतं."

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "तीन महिने."

तो काही बोलायला तोंड उघडत होता. मी त्याला डोळ्यांनी दाबलं, उठलो, बाकाला वाकून नमस्कार केला आणि बसलो. माझ्याच कायद्याने मला शिक्षा झाली. शिक्षा भोगायचीच तर जरा थाटात.

सात आठवडे झाले आहेत. पहिल्याच रविवारी त्याने एक डबा आणला. "हिने दिलाय. शहाळ्यांमागच्या भावोजींना." आत ओल्या नारळाच्या वड्या होत्या. आता तो दर आठवड्याला उत्तरार्ध सांगताना मधेच थांबतो आणि सगळ्यांसमोर मला विचारतो, "काय, खरं की नाही?" वहिनी उत्तरार्ध थोडा वाढवून सांगतात असा मला दाट संशय आहे. परवाच्या सिनेमात इतकी भांडी असणं शक्य नाही. पण मला बोलायची बंदी आहे, मान हलवायची नाही. मी हलवतो, जोरात, आणि शेजारच्या बाकावरचे पेपर खाली येतात.