दुर्बिणीची तपासणी आणि दादा

ई-मेलवरच्या मित्रांनो,

लघवीतून रक्त गेलं म्हणून आज कल्याणला मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी करून घेतली.

टेबलावर पाय फाकवून उघडं झोपवलं. गार, चिकट जेली आत सोडली. शिसारी आली. नळी जाताना जळजळलं. मग आत पाणी भरलं आणि सगळ्यांसमोर तिथेच थोडी लघवी झाली. सिस्टर म्हणाली, "लाजू नका काका, सगळ्यांचं होतं." तो उग्र वास अजून नाकात आहे.

पाच मिनिटांत संपलं. गाठ नाही.

दादालाही असंच रक्त जायचं. उष्णता समजून तो धण्याचं पाणी पीत राहिला. या तपासणीची किळस वाटून शेवटपर्यंत गेला नाही. मागच्या महिन्यात मूत्राशयातल्या गाठीनेच वारला.

संध्याकाळी वहिनीने विचारलं, "भाऊजी, फार त्रास झाला का हो?"

पाच मिनिटांचंच होतं, हे तिला तुम्ही सांगितलं असतं?