अर्धं कांबळं
ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, पण काल सुनेनं ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी नागपूरच्या आमच्या चर्चचा तो थंडगार हॉल डोळ्यांपुढे आला. पन्नास वर्षांपूर्वीचा डिसेंबर होता; चर्चची कमिटी गरिबांना डांबरगोळ्यांच्या वासाची कांबळी वाटत होती. नवं कांबळं हवं असेल तर गेल्या वर्षी दिलेलं आणून दाखवायचं, असा कमिटीचा नियम होता आणि यादी माझ्याकडे होती. नंदनवनाकडून येणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या एका विधवेनं टेबलावर अर्धंच कांबळं ठेवलं, कापलेली कड नीट शिवून घेतलेली. "अर्धं विकलं का वं?" कमिटीचे प्रमुख हसले, "गिऱ्हाईक कुठं भेटलं?" "इकलं नाही जी, रिक्षावाल्या म्हाताऱ्याले देलं," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली, "मास्तर, तुमीच तं सांगतलं होतं." सांगितलं होतंच. संत मार्टिननं आपला झगा तलवारीनं कापून अर्धा भिकाऱ्याला दिला, हे मी बायकांच्या प्रार्थनासभेत चांगलं रंगवून सांगितलं होतं. पण चर्चच्या शाळेतली माझी कच्ची नोकरी त्याच प्रमुखांच्या हाती होती. "बाई, ती नुसती गोष्ट होती," मी म्हणालो आणि तिच्या नावावर काट मारली. "बरं जी," म्हणून तिनं ते अर्धं कांबळं घडी करून काखेत घेतलं. पुढं कैक हिवाळे, उपासना सुटल्यावर ती चर्चच्या पायरीवर बसलेली असायची आणि मला पाहून बाजूला सरकायची, "बसा मास्तर, इथं ऊन हाये." मी बसायचो, पण "बाई, तुमचंच खरं होतं, मला माफ करा," एवढं वाक्य ती वारेपर्यंत माझ्या तोंडून निघालं नाही.