लिबीचा ठिपका

मोंटानाच्या पूर्व अंगाला, माणसांपेक्षा गुरंच जास्त अशा मुलखात, अर्लंड टोफ्टे एकटा राहायचा. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यानंही आपणहून सांगितलं नाही.

धंदा पवनचक्क्यांचा. कुरणातल्या जुन्या लोखंडी चक्क्यांच्या पंपाला पाणी वर ओढायला चामड्याच्या वाट्या लागतात. त्या तो हातानं कापायचा, तेलात मुरवायचा आणि विकायचा. पूर्वी गिऱ्हाईक दारात यायचं. पिकप उभी करायची, कॉफी प्यायची, पावसाला शिव्या द्यायच्या आणि जाता जाता वाट्या न्यायच्या. पुढं सौरपंप आले, आजूबाजूची बरीच बिऱ्हाडं रानं विकून गेली. दारातल्या वाटेवर गवत माजलं.

पुतणी मार्नी बिलिंग्जला नोकरीला. तिनं काकाला वेबसाइट काढून दिली. अर्लंड त्यावर रोज सकाळी वाऱ्याची खबर लिहायचा, चारच ओळी. कुणी नाव आणि ईमेल दिला तर त्याला ती घरबसल्या जायची. बाजूला एक नकाशा होता. कोण कुठून बघतंय त्याचा हिरवा ठिपका त्यावर उमटायचा, आणि नाव दिलेलं असलं तर ठिपक्याला नावही चिकटायचं. गिऱ्हाईक कुठल्या भागात आहे ते कळावं म्हणून मार्नीनं तो लावला होता. अर्लंडला मात्र त्यात माणसं दिसायला लागली.

त्यातला एक ठिपका लिबीचा. लिबी म्हणजे राज्याचं पार दुसरं टोक, देवदारांच्या डोंगरातलं गाव. नाव डोरीन लारू. या बाईनं कधी एक वाटी विकत घेतली नाही, पण इकडं कॉफी उकळायच्या आत तिकडं ठिपका उगवलेला असायचा.

"आली बया," असं पुटपुटून अर्लंड कप भरायचा. दिवसभरात तोंडातून निघालेलं तेवढंच वाक्य, असंही पुष्कळदा व्हायचं.

ऐन थंडीत एका सकाळी ठिपका उगवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा सरला.

त्या मुलखात रीत अशी, की शेजाऱ्याच्या धुराड्यातून धूर दिसला नाही, पिकप बर्फाखालून हलली नाही, तर गाडी काढायची आणि बघून यायचं. पडला असेल, लाकडं संपली असतील. बोलवायची वाट कुणी बघत नाही. अर्लंडनंही तेच केलं. लिबीला जाणं होण्यासारखं नव्हतं, म्हणून ईमेल लिहिला: "बाई, तुम्ही रोज सकाळी येता, कधी दुपारीही येता. आठवडा झाला, दिसला नाहीत. घरात एकट्या असाल तर काळजी वाटते. बऱ्या आहात ना?"

उत्तर त्याच दिवशी आलं. "माझी जी काही माहिती तुमच्याकडे असेल ती पुसून टाका. राज्याच्या कायद्यानं मला तो हक्क आहे. झाल्याचं कळवा आणि परत लिहू नका."

अर्लंडनं मार्नीला फोन लावला आणि ते उत्तर ऐकवलं.

"काका, तू तिला काय लिहिलं होतंस ते वाच बघू."

त्यानं वाचलं.

"ती कधी येते आणि कधी येत नाही, ते तू बघत बसतोस, असं तू एका अनोळखी बाईला कळवलंस," मार्नी म्हणाली. "वर विचारलंस, घरात एकटी आहेस का."

"मग? शेजारच्या टॉर्वाल्डचा धूर दिसला न्हाई तर मी जातूच की."

"टॉर्वाल्डला ठाऊक आहे तू बघतोस ते. तोही तुझा धूर बघतो. हिला ठाऊकच नव्हतं."

"साइटवर तसं लिवलेलं न्हाई व्हय?"

"नाही. ते मी लिहायला हवं होतं. राहिलं माझ्याकडून."

अर्लंड खिडकीबाहेर बघत राहिला. टॉर्वाल्डच्या घरावर सरळ धूर चढत होता.

"आता पुसावं लागतंय?"

"खरं सांगू? तो कायदा हजारो लोकांची माहिती बाळगणाऱ्यांना लागतो. तुझ्याकडं चाळीसेक माणसं, त्यातला एक तुझा दातांचा डॉक्टर. नाही पुसलंस तर कुणी विचारायला येणार नाही."

"म्हंजी ठेवलं तरी चालतंय."

"चालतं. पुन्हा लिहू मात्र नकोस."

फोन ठेवून तो शेडमध्ये गेला. चामडं कापायला घेतलं, पण वर्तुळ काही जमेना. ठेवलं तर ती कधीतरी परत येईल, ठिपका उगवेल, आणि तिला कळणारही नाही. नुसतं बघायचं, बोलायचं नाही. टॉर्वाल्डच्या घराभोवती अंधारात लपून कुणी असं उभं राहिलं असतं, तर अर्लंडनं बंदूकच काढली असती. त्यानं सुरी खाली ठेवली.

घरात येऊन आधी उत्तर लिहिलं. "चुकलं माझं. तुम्हाला भिववायचं नव्हतं. थंडी वाईट आहे, जपून राहा." मग एकेक शब्द मागं घेत गेला. शेवटी एकच उरला, "पुसलं." तो धाडला आणि मागोमाग नाव, ईमेल, साऱ्या सकाळच्या नोंदी काढून टाकल्या. मार्नीला पुन्हा फोन केला.

"त्यो नकाशाबी काढ."

"सगळा? काका, बाकीच्यांनी कुठं काय म्हटलंय?"

"त्यास्नी तरी कुठं ठाव हाय?"

मार्नीनं नकाशा काढला आणि साइटच्या तळाशी काकानं लिहून पाठवलं ते जसंच्या तसं घातलं: "इथं कोण येतं ते आम्ही बघत नाही. नाव दिलंत तर खबर धाडण्यापुरतं ठेवू. सांगाल तेव्हा पुसू."

सकाळी अर्लंडनं कॉफी चढवली आणि सवयीनं पडद्याकडं वळला. नकाशाच्या जागी नुसतं पांढरं होतं. बाई जिवंत आहे, एवढं तरी कळलं होतं. विचारलं होतं तेही तेवढंच. त्यानं खुर्ची ओढली आणि खबर लिहिली. वारा वायव्येचा, जोराचा. टाक्यांवर बोटभर बर्फ, गुरांना पाजायच्या आधी फोडा. उद्या असंच.

कप भरला. तोंडाशी आलेलं वाक्य त्यानं गिळलं आणि पहिला घोट घेतला.